बातमीत पेशी लाखो, पण माणसे किती?

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ह्यूमन सेल ॲटलास' या जागतिक प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी ४० हून अधिक शोधनिबंध एकदम प्रसिद्ध केले. माणसाच्या शरीरात किती प्रकारच्या पेशी आहेत, त्या कुठे असतात आणि काय काम करतात याची नोंद करण्याचे हे काम २०१६ पासून चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली केली. त्याच वर्षी मार्चमध्ये आशियातील लोकांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा अभ्यास 'सेल' या नियतकालिकात आला. त्यात भारतातील नमुनेही होते.

अशा बातम्या दवाखान्यात पोचायला वेळ लागत नाही. भोर आणि वेल्हे (ज्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला) या तालुक्यांतून पुण्याला उपचारासाठी येणारी कुटुंबे आता विचारतात, "डॉक्टर, गाठीतली एकेक पेशी तपासता येते म्हणे. आईची करता येईल का? कुठे होते? एखादं वावर विकायला लागलं तरी चालेल." हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिला आहे.

उत्तर आधीच देतो. एकेका पेशीतील हजारो जनुकांचे काम मोजणारी ही नवी तपासणी आज संशोधनाची आहे. तिच्यावरून रुग्णाचा रोजचा उपचार ठरत नाही. त्यासाठी वावर विकू नका आणि ठरलेली शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी पुढे ढकलू नका. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर यांसारख्या संस्थांत पेशींवर संशोधन चालते, पण त्या संशोधन संस्था आहेत. नमुना देऊन दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला जावे, अशा त्या लॅब नाहीत.

मग याविषयी वाचायचे कशाला? कारण उद्याची औषधे कोणाला द्यायची, हे या संशोधनातून ठरू शकते. शिवाय मोठ्या रुग्णालयात तुमच्याकडे संशोधनासाठी रक्त किंवा गाठीचा तुकडा मागितला जाऊ शकतो. आणि याच नावाखाली कोणी तुम्हाला महागडे काहीतरी विकायलाही येऊ शकते. तिन्ही वेळी उपयोगी पडेल असा एकच प्रश्न आहे: हा निष्कर्ष किती पेशींवर नाही, किती माणसांवर काढला आहे, आणि त्या माणसांची एकमेकांशी तुलना न्याय्य होती का?

भाजणीचे पीठ आणि वेगवेगळे दाणे

तुमच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. तरी यकृताची पेशी यकृताचे काम करते आणि रक्तातली पांढरी पेशी जंतूंशी लढते, कारण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच जनुके चालू ठेवते. जनुक चालू असले की त्याच्या आरएनए नावाच्या प्रती पेशीत तयार होतात. त्या मोजल्या की पेशी काय करते आहे याचा अंदाज येतो.

पूर्वी गाठीचा तुकडा घेऊन त्यातील सगळ्या पेशी एकत्र फोडून आरएनए मोजत. हे भाजणीच्या पिठासारखे झाले. चवीवरून ज्वारी जास्त की हरभरा, एवढा अंदाज येईल, पण कोणता दाणा किडका होता हे पिठावरून कळणार नाही. एकेका पेशीच्या नव्या तपासणीत दळण्याआधीच प्रत्येक दाणा वेगळा करून मोजतात. त्यात अडचण अशी की दाणे वेगळे करताना ते कोणत्या शेतातले, बांधाकडेचे की मधले, ही माहिती हरवते. म्हणून तिसरा प्रकार आला. गाठीचा पातळ काप काचेवर जसाच्या तसा ठेवायचा आणि कापातील कोणत्या जागी कोणती जनुके चालू आहेत ते मोजायचे. 'नेचर मेथड्स' या नियतकालिकाने २०२० ची सर्वोत्तम पद्धत म्हणून याच प्रकाराची निवड केली होती.

जागेला इतके महत्त्व का? प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीच्या आत शिरल्या आहेत की बाहेरच्या कडेला अडकून पडल्या आहेत, यावर काही औषधांचा परिणाम अवलंबून असू शकतो. पेशींची संख्या तीच असली तरी जागा बदलली की अर्थ बदलतो.

एकाच रुग्णाकडून अशी दोन-तीन प्रकारची माहिती येते. शिवाय ती वेगवेगळ्या रुग्णालयांतून, वेगवेगळ्या यंत्रांवरून, वेगवेगळ्या वर्षी गोळा झालेली असते. ती एकत्र जुळवून एकच उत्तर काढणे हे संख्याशास्त्राचे काम आहे, आणि चुका बहुतेक इथेच होतात.

दाणे आठ लाख, शेते चार

पीक कापणी प्रयोग भोर-वेल्ह्यातील भात उत्पादकांना नवीन नाही. इंद्रायणी काढणीला आला की काही गावे आणि त्यातली काही शेते निवडली जातात. महसूल, कृषी किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी येतो, दोरी लावून ठरावीक मापाचा तुकडा आखतो, तेवढेच भात कापून, झोडून त्याचे वजन करतो. मंडळाचे सरासरी उत्पन्न आणि पीक विम्याची भरपाई त्यावरून ठरते.

समजा एखाद्या वर्षी सांगितले, "शेते चारच घेतली, पण दाणे आठ लाख मोजले. त्यामुळे आकडा अगदी पक्का आहे." कोणताही शेतकरी यावर भांडेल. एका शेतातले दाणे त्याच मातीतले, त्याच पाण्यावरचे, त्याच बियाण्याचे. आठ लाख दाण्यांनी त्या चार शेतांची माहिती पक्की झाली, मंडळाची नाही. पानशेतच्या मागच्या डोंगरातल्या खाचरांविषयी ते दाणे काहीच सांगत नाहीत.

पेशींच्या संशोधनात हाच दावा अनेकदा केला गेला. पाच रुग्ण आणि पाच निरोगी माणसे, प्रत्येकाच्या दहा हजार पेशी, म्हणजे एकूण एक लाख. मग संगणकाला सांगायचे की आपल्याकडे एक लाख स्वतंत्र निरीक्षणे आहेत. खरे तर ती दहा आहेत. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये दाखवून दिले की माणसामाणसांतील नैसर्गिक फरक हिशेबात न घेणाऱ्या पद्धती, खरा फरक अजिबात नसतानाही, शेकडो जनुकांत 'फरक' दाखवू शकतात. उपाय फार अवघड नाही. आधी प्रत्येक माणसाच्या त्या त्या प्रकारच्या पेशींची बेरीज करायची, आणि मग माणसांची माणसांशी तुलना करायची. पण असे केले की एक लाखाचा आकडा मथळ्यातून जातो आणि तिथे दहा उरतात. मला स्वतःला 'किती लाख पेशी' हा आकडा बऱ्याचदा जाहिरातीसारखा वाटतो.

ह्यूमन सेल ॲटलासच्या २०२४ च्या घोषणेत दोन्ही आकडे दिले होते: १० कोटींहून अधिक पेशी आणि १० हजारांहून अधिक माणसे. त्यातला दुसरा लक्षात ठेवा. आशियाई अभ्यासात सुमारे १२ लाख ६५ हजार पेशी होत्या आणि ६१९ दाते, म्हणजे दर माणशी सरासरी दोन हजार पेशी. माझ्या मते हे प्रमाण चांगले आहे. माणसे वाढवली आणि प्रत्येकाच्या पेशी बेताच्या ठेवल्या.

यातच दुसरा एक सापळा आहे. माणसाला सुमारे २० हजार प्रथिने बनवणारी जनुके आहेत. प्रत्येकासाठी वेगळी चाचणी लावली आणि नेहमीची पाच टक्के चुकीची मुभा ठेवली, तर काहीही फरक नसताना सुमारे हजार जनुके 'वेगळी' दिसतील. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचवलेली दुरुस्ती आता सर्रास वापरतात. तरीही 'कॅन्सरचे जनुक सापडले' अशी बातमी एकाच लहान अभ्यासावर आधारलेली असेल, तर दुसऱ्या गटात तेच दिसेपर्यंत थांबावे.

दोन काटे

सगळ्यात कठीण प्रश्न नमुने एकत्र करण्याचा आहे. दोन गावांत दोन वजनकाटे आहेत असे धरा. एक काटा प्रत्येक पोत्यामागे दोन किलो जास्त दाखवतो, पण हे कोणाला माहीत नाही. दोन्ही गावांचे भात दोन्ही काट्यांवर थोडेथोडे मोजले तर फरक लगेच लक्षात येईल. तो वजा करायचा, काम झाले. पण पहिल्या गावाचे भात फक्त पहिल्या काट्यावर आणि दुसऱ्या गावाचे फक्त दुसऱ्यावर मोजले असेल, तर पहिल्या गावाचे पोते जड आहे की काटा खोटा आहे हे कोणताही गणिती सांगू शकणार नाही.

आता भोर-वेल्ह्याकडे या. वेल्ह्याहून पुणे साठेक किलोमीटर, घाटवळणे आणि एसटीची वेळ धरून दोन-अडीच तास. तिथे घेतलेले रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पांढऱ्या पेशी स्वस्थ बसून राहत नाहीत. वेळ गेला, तापमान बदलले की त्यांची काही जनुके चालू होतात, काही बंद पडतात. समजा एखाद्या अभ्यासात रुग्ण सगळे गावाकडचे घेतले, आणि निरोगी माणसे म्हणून संस्थेतलेच विद्यार्थी घेतले, ज्यांचे रक्त दहा मिनिटांत यंत्रात गेले. मग जो फरक दिसेल तो आजाराचा, प्रवासाचा, वयाचा की आहाराचा? इथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. अभ्यास आखतानाच दोन्ही गट दोन्ही ठिकाणांहून घ्यायला हवे होते, रक्त काढल्यापासून किती वेळाने तपासले हे लिहून ठेवायला हवे होते.

हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहण्यांमध्ये एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढून ते दोन वेगळ्या पथकांकडे देण्याची पद्धत बसवली. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर पिकाआधी पथकांकडे बघायचे. वर सांगितलेल्या आशियाई अभ्यासात भारत, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड असे पाच देश होते, आणि नमुन्यांच्या सोबत सामाईक नियंत्रण नमुनेही तपासले गेले. नियंत्रण नमुना तोच असताना दोन ठिकाणी वेगळा आला, तर काट्यातला दोष कळतो.

काटे जुळवणारी बरीच सॉफ्टवेअर आता आहेत. त्यांची युक्ती साधारण अशी: पहिल्या गटातली एखादी पेशी घ्या, दुसऱ्या गटातली तिच्यासारखी पेशी शोधा, अशा असंख्य जोड्यांमधला सरासरी फरक काढा आणि तो वजा करा. २०१८ पासून या पद्धतींचे पीकच आले. २०२२ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये अशा पद्धतींची कसोटी घेतली गेली, १२ लाखांहून अधिक पेशींवर. सगळीकडे पहिली येणारी पद्धत एकही निघाली नाही. साध्या कामात एक चांगली, गुंतागुंतीच्या कामात दुसरी.

शिवाय दुरुस्ती जास्त झाली तर वेगळेच नुकसान होते. दोन गट सारखे दिसलेच पाहिजेत असा आग्रह धरला की खरा फरकही पुसला जातो. कॅन्सरच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. दोन रुग्णांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींसारख्या असतात, पण कॅन्सरच्या पेशी मात्र प्रत्येक रुग्णात खरोखरच वेगळ्या असतात. त्यांना ओढूनताणून एका रांगेत बसवले, तर ज्या पेशीमुळे एखाद्या रुग्णाचा आजार परत उलटणार होता तीच नेमकी नजरेआड होईल. चांगला शोधनिबंध दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही चित्रे दाखवतो.

दोरीवरचे रोप

जागेसकट मोजणी करताना प्रश्न आणखी वाढतात, आणि यातला एक प्रश्न सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी फार पूर्वी, भाताच्या आणि गव्हाच्या शेतात उभे राहून सोडवला होता. पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय घडी बसवण्यात त्यांचा आणि वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्मे यांनी दाखवले आणि १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. कारण साधे आहे. दोरीवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितके दोरीवरच्या रोपांचे प्रमाण जास्त. महालनोबिस लहान वर्तुळांच्या बाजूचे होते, त्यामुळे दोघांत चांगलाच वाद झाला. संख्याशास्त्रज्ञ शेताच्या बांधावरून भांडतात हे ऐकून भोरमधल्या कोणाला आश्चर्य वाटू नये.

गाठीच्या कापावर दोरी लावताना हाच प्रश्न येतो. एका लोकप्रिय तंत्रात मोजणीचा प्रत्येक ठिपका ५५ मायक्रॉन रुंदीचा असतो, केसाच्या जाडीपेक्षा थोडा कमी. पण पेशी त्याहूनही लहान, त्यामुळे एका ठिपक्यात एकपासून दहापर्यंत पेशी येतात. म्हणजे इथे छोटीशी भाजणीच झाली. त्याहून बारीक तंत्रे आहेत, पण त्यांत प्रत्येक पेशीची हद्द संगणकाने आखायची असते आणि हद्दीवरचा आरएनए शेजारणीच्या खात्यात जमा होतो. मग कॅन्सरच्या पेशीत प्रतिकारशक्तीचे जनुक 'सापडते', जे खरे तर शेजारच्या पांढऱ्या पेशीचे असते.

ठिपक्यातील भाजणी ओळखण्यासाठी आधीच्या, वेगवेगळ्या दाण्यांच्या यादीचा आधार घेतात. ज्याने कुळीथ कधी चाखलाच नाही, तो भाजणीतली कुळथाची चव उडदाच्या नावावर घालेल. तशीच यादीत नसलेली पेशी जवळच्या दुसऱ्या पेशीच्या नावावर जाते, आणि चूक झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ही यादी कोणत्या लोकांच्या नमुन्यांवरून केली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

यादीत आपण आहोत का?

जगातील जनुकीय आणि पेशींच्या माहितीचा मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. यातून काय हरवते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्याच्याच ग्रामीण भागात आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. २००३ मध्ये त्यांनी इथल्या बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना प्रसिद्ध केली. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचे ३.५. नुसते वजन बघितले असते तर 'लहान बाळ' एवढेच म्हटले गेले असते. पण अंग मोजल्यावर दिसले की स्नायू कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून आहे. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा इथे मिळाला. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त धरावे, असे आता डॉक्टर सांगतात, तेही परदेशी पट्टी इथे लागू पडत नाही म्हणूनच.

तोंडाच्या कॅन्सरचेही तसेच. पाश्चात्य देशांतील डोके-मानेच्या कॅन्सरच्या माहितीत धूम्रपान, दारू आणि एचपीव्ही विषाणू यांमुळे होणारे कॅन्सर जास्त. आपल्याकडे गाल आणि हिरडीचा, तंबाखू दाढेत धरणाऱ्यांचा कॅन्सर जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात जवळजवळ दर चार प्रौढांत एक जण धूरविरहित तंबाखू वापरत होता, आणि आपल्या गावांतल्या बायकांची मिश्री त्यात येते. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रातील संशोधकांनी २०१३ मध्ये गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. आधी ५० रुग्ण, मग पडताळणीसाठी आणखी ६०. काही बदल पाश्चात्य रुग्णांसारखेच निघाले, तर काही जनुकांतील बदल या प्रकारातच ठळक दिसले. संख्या मोठी नव्हती. पण ते ११० रुग्ण आपले होते आणि पडताळणीचा गट वेगळा ठेवला होता, म्हणून कोणा परक्या गटातल्या लाख पेशींपेक्षा मी या अभ्यासाला जास्त वजन देतो.

२०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती, भोरची सुमारे १ लाख ८६ हजार. त्यात मराठा, महादेव कोळी, धनगर, कातकरी असे वेगवेगळे समाज, वेगवेगळा आहार, वेगवेगळे काम. जगाच्या यादीत आपली नोंद हवी असे मला मनापासून वाटते. नोंद नसेल तर उद्याचे औषध आपल्यावर चालते की नाही हे आपल्यावर वापरूनच कळेल.

आज उपचारात काय उपयोगी आहे

एकेक पेशी बघणे डॉक्टरांना नवीन नाही. रक्ताच्या साध्या सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजले जातात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये फ्लो सायटोमेट्री ही तपासणी एकेका पेशीवरील खुणा ओळखते, आणि ती उपचारासाठी खरोखर लागते. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर टाळू नका. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-२, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर आणि एएलके या तपासण्यांवरून औषध ठरते. बायोप्सी आणि शस्त्रक्रियेच्या रिपोर्टमध्ये जागेचीही माहिती असतेच: गाठीच्या कडा मोकळ्या आहेत का, तोंडाचा कॅन्सर किती मिलिमीटर खोल गेला आहे, लसिका गाठींत पोचला आहे का. हे आकडे हजारो रुग्णांवर पारखलेले आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, यांपैकी काही असेल तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात लगेच दाखवा. त्यासाठी कोणत्याही नव्या तंत्राची वाट पाहायची नाही.

पेशी उपचाराशीही या तपासणीची गल्लत होते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठीचा उपचार आहे. पेशींचा नकाशा काढणे ही वेगळी गोष्ट.

नमुना मागितला तर

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात कोणी संशोधनासाठी रक्त किंवा गाठीचा तुकडा मागितला तर घाबरून नाही म्हणू नका आणि न विचारता हो सुद्धा म्हणू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवे. आजी अंगठा देणार असतील तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये, आणि नंतर मन बदलले तर माघार घेता येते. संशोधनाच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. 'संशोधन आहे, पण इतके हजार भरा' असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबा आणि नैतिकता समितीचे नाव व फोन मागा.

याशिवाय विचारा: रुग्ण किती घेणार? निरोगी माणसे कुठली घेणार? नमुना उपचारासाठी काढलेल्या तुकड्यातूनच घेणार की वेगळी सुई टोचणार? माझी माहिती पुढे दुसऱ्या अभ्यासांत वापरणार का, आणि नाव काढून टाकणार का? माझ्या उपचाराशी संबंध असलेले काही सापडले तर मला कळवणार का? बहुतेक अभ्यासांत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येईल. ते आधीच स्पष्ट कळले म्हणजे नंतर रिपोर्टची वाट पाहत बसावे लागत नाही.

आणखी एक काम प्रत्येक कुटुंबाला करता येईल. बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेनंतर गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. भोरहून पुण्याला किंवा पुण्याहून मुंबईला उपचार हलवताना कुटुंबे फक्त कागदी रिपोर्ट नेतात, मग सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. नवे रुग्णालय मागेल तेव्हा पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का बघा, आणि काम झाले की परत जमा करा. आज ईआर-पीआर किंवा ईजीएफआरची तपासणी याच ब्लॉकवर होते. जागेसकट जनुके मोजणारी काही नवी तंत्रेही मेणाच्या ब्लॉकवर चालतात. प्रवासात ब्लॉक डबीत घालून सावलीत ठेवा. गाडीच्या काचेपाशी उन्हात किंवा घरी चुलीजवळ ठेवला तर मेण वितळते आणि तुकडा खराब होतो.